रांग टाळायचे जादा पैसे : द्यावेत की न द्यावेत?

मुलांच्या परीक्षा संपायच्या आतच घरात एक टुमणे सुरू होते. समोरच्या ब्लॉकमधली मुले खोपोलीच्या इमॅजिकाला जाऊन आलेली असतात, त्यांनी तिथल्या गोष्टी तिखटमीठ लावून सांगितलेल्या असतात आणि मग, "आई, आपण कधी जायचं?" ठाणे असो, डोंबिवली असो की कल्याण, तुमच्याही घरी हे ऐकू येत असेलच. बरे, एकदा जायचे ठरले की प्रश्न सुटला असे नाही. तिकीट काढायला बसले की दुसरा प्रश्न समोर येतो. साधे तिकीट घ्यायचे की रांग टाळणारे, जादा पैशांचे 'एक्सप्रेस' तिकीट? मिस्टर म्हणतात, "एवढे जातोच आहोत, तर घेऊन टाकू." सासूबाई म्हणतात, "रांगेत उभं राहायला कशाला हवेत गं पैसे?" दोघांचेही म्हणणे ऐकून घेऊन महिन्याच्या हिशेबात ती रक्कम बसवायची तुम्हाला!

मैत्रिणींनो, या प्रश्नाला सरसकट हो किंवा नाही असे उत्तर नाही. पण घरी बसून, कागद-पेन घेऊन काढता येईल असे उत्तर मात्र नक्की आहे.

आपल्या गावच्या जत्रेत पाळण्याला वेगळे पैसे, मौत का कुआँला वेगळे पैसे. जेवढे बसाल तेवढे द्याल. गोराईचे एस्सेलवर्ल्ड १९८९ मध्ये सुरू झाले आणि एकदाच पैसे भरून दिवसभर बसायची पद्धत आपल्याकडे रुळली. (डोंबिवलीहून गाडी बदलत बोरिवलीला पोचायचे आणि मग खाडीतून लाँचने पलीकडे, ही निम्मी सहल वाटेतच व्हायची.) खोपोली-पाली रस्त्यावरचे इमॅजिका २०१३ मध्ये उघडले, तिथेही तीच पद्धत आहे. म्हणजे दारात पैसे भरले की आत प्रत्येक राइड 'फुकट'. पण ती खरोखर फुकट असते का? तुम्ही दिवसभरात सहा राइड घेतल्यात तर तिकिटाची रक्कम सहांत वाटली जाते, बारा घेतल्यात तर बारांत. तिकीट तेच, पण रांग जितकी लांब तितकी प्रत्येक राइड महाग. रांग टाळायचे तिकीट घेणे म्हणजे वेळ विकत घेणे. तेव्हा आधी हे बघायला हवे, की त्या दिवशी आपला वेळ खरोखरच रांगेत जाणार आहे का?

आता कागद घ्या. समजा, आत तुम्हाला आठ तास मिळाले. त्यातले दोन तास जेवण, पाणी, बाथरूम, फोटो आणि धाकट्याची हरवलेली टोपी शोधणे यांत जातात. उरले सहा तास, म्हणजे ३६० मिनिटे. एका राइडला बसणे, पट्टे लावणे, फिरून येणे, उतरणे आणि पुढच्या राइडपर्यंत चालत जाणे, असा सगळा मिळून पाव तास धरा. मे महिन्यातल्या रविवारी प्रत्येक ठिकाणी पाऊण तास उभे राहावे लागले, तर एका राइडला एक तास गेला. दिवसाकाठी सहा राइड. एक्सप्रेस तिकिटामुळे ती रांग पाव तासावर आली, तर एका राइडला अर्धा तास, म्हणजे बारा राइड. सरळ दुप्पट!

हाच हिशेब जून महिन्यातल्या एखाद्या मंगळवारी करून बघा. शाळा नुकत्याच सुरू झालेल्या, गर्दी पांगलेली. रांगा दहा मिनिटांच्या. साध्या तिकिटातच चौदा राइड बसतात. एक्सप्रेसने रांग पाच मिनिटांची झाली, तर अठरा. कागदावर चार जास्त. पण गरागरा फिरवणाऱ्या, वरून खाली सोडणाऱ्या चौदा राइड झाल्यावर पंधराव्या राइडला कोण बसणार आहे? पोटातले पाणी तोवर चांगलेच हललेले असते. त्या दिवशीचे जादा पैसे म्हणजे भरल्या पोटी मागवलेली दुसरी थाळी.

रुपयांत सांगायचे तर, तिकिटाचा जादा दर माणशी हजार रुपये धरू. (हा आकडा केवळ हिशेबापुरता, खरा दर तुम्ही जाल त्या दिवसाचा बघा, कर धरून बघा.) चार माणसांचे चार हजार. गर्दीच्या रविवारी प्रत्येकाला सहा राइड जास्त, म्हणजे चौघांच्या मिळून चोवीस. एक जादा राइड साधारण १६७ रुपयांना पडली. मंगळवारी प्रत्येकी चारच, म्हणजे सोळा. एक राइड अडीचशेला, आणि त्यातल्या निम्म्या कुणी घेणारच नाही. तेच चार हजार रुपये वाचवायला एका मधल्या वारी रजा टाकणे परवडते की नाही, हे मिस्टरांशी बोलून ठरवा. ज्यांच्या घरी दुकान आहे आणि मधल्या वारी सुट्टी असते, त्यांनी तर रविवारच्या नादी लागूच नये. शनिवार-रविवार आणि इतर वार यांच्या साध्या तिकिटातही बहुधा फरक असतो, तो आणखी वेगळा.

दर विचारताना आणखी एक गोष्ट खोदून खोदून विचारा. हे तिकीट कोणकोणत्या राइडना चालते? पुष्कळ ठिकाणी ते ठरावीक राइडनाच आणि प्रत्येकीला एकदाच चालते. शिवाय सगळ्या रांगा सारख्या नसतात. पायाखाली तळ नसलेली 'नायट्रो' किंवा अंधारात धावणारी 'डीप स्पेस', अशा राइडमध्ये एका खेपेला थोडीच माणसे बसतात, म्हणून रांग मुंगीच्या पावलांनी सरकते. तिथे एक्सप्रेसचा उपयोग आहे. पण थिएटरसारख्या खेळांत एका वेळी मोठा जथा आत घेतात. दार उघडले की सगळी रांग आत. तिथे जादा पैसे देऊन तुम्ही पुढे उभे राहाल, पण खेळ सगळ्यांबरोबरच बघाल. आणि पावसाळ्यात जाणार असाल तर हेही ध्यानात ठेवा, की खोपोलीचा पाऊस म्हणजे घाटाच्या पायथ्याचा पाऊस. जोराची सर आली, विजा चमकू लागल्या की उघड्यावरच्या राइड थांबवतात. तेव्हा साधे तिकीटवालेही छपराखाली आणि एक्सप्रेसवालेही छपराखाली! अशा वेळी पैशांचे काय, हे तिकीट घेण्यापूर्वीच विचारलेले बरे.

माणशी हिशेब करताना घरातली माणसेही एकेक करून मोजा. पाच वर्षांच्या धाकट्याला मोठ्या राइडला बसू देत नाहीत. दारात उंचीची पट्टी असते आणि तिथे रडून काही उपयोग होत नाही. सासूबाई एखाद-दुसऱ्या शांत राइडला बसतील, बाकी वेळ बाकावर. अशा पाच जणांच्या घरात एक्सप्रेस खरोखर वापरणारे दोनच निघतात, मिस्टर आणि थोरला. आणि तुम्ही?

जरा थांबून आठवा, मागच्या सहलीत तुम्ही किती राइडमध्ये बसलात? तीन पिशव्या, पाण्याच्या बाटल्या, चष्मे, मोबाइल, सासूबाईंचे गुडघे आणि धाकट्याची भूक हे सगळे सांभाळत बाकावर बसलेली बाई या ठिकाणी जिकडेतिकडे दिसते. पूर्ण तिकीट भरून आत आलेली असते बिचारी! मिस्टर आणि थोरला एक्सप्रेसने झपाझप फिरून येतात आणि ही मात्र फोटो काढायला हात हलवत उभी. तिच्या नावाचे एक्सप्रेस तिकीट काढले असेल, तर तेही पिशवीतच राहते. माझे मत विचाराल तर जादा पैशांचा विचार इथून सुरू करावा. ज्या खर्चाने तुम्ही बाकावरून उठाल, तो खर्च आधी करावा. पिशव्यांसाठी लॉकर घ्या. त्याचे भाडे एक्सप्रेसच्या मानाने काहीच नसते. मिस्टर आणि तुम्ही पाळीपाळीने धाकट्याजवळ थांबा. परदेशातल्या मोठ्या पार्कांत यासाठी एक चांगली सोय असते. आई रांगेतून जाऊन बसून आली की बाबांनी पुन्हा पहिल्यापासून रांग लावायची नाही, थेट आत जायचे. डिस्नेच्या पार्कांत ही सोय फुकट आहे. आपल्याकडेही राइडच्या दारातल्या माणसाला विचारायला काय हरकत आहे? "भाऊ, बाळ लहान आहे, आम्ही आळीपाळीने बसलो तर चालेल का?" एवढेच तर विचारायचे.

परदेशाचा विषय निघालाच आहे तर त्याबद्दलही सांगते, कारण आता डोंबिवलीत दर जिन्यावर एखादे तरी घर असे असते, की ज्यांचा मुलगा किंवा लेक अमेरिकेत आहे. आईवडील सहा महिन्यांसाठी जातात आणि मुले हौसेने त्यांना फ्लोरिडाला डिस्नेचे जग दाखवायला नेतात. तिथे एक्सप्रेसच्याही वरचा प्रकार आहे. खास वाटाड्या. तो दिवसभर तुमच्याबरोबर फिरतो, कोणत्या राइडला कधी जायचे ते ठरवतो, रांग टाळून आत नेतो. दहा जणांपर्यंतच्या घोळक्याला एक वाटाड्या. पैसे तासावर, आणि तासाला काही शे डॉलर. किमान सात तास घ्यावेच लागतात. गर्दी नसतानाच्या कमीत कमी दरानेही हे बिल तीन हजार डॉलरच्या पुढे जाते आणि प्रवेशाची तिकिटे त्यात धरलेली नसतात. दोन-तीन कुटुंबे मिळून दहा जण असतील, तर निदान वाटणी तरी होते. पण दोन म्हातारी माणसे आणि मुलगा-सून यांच्यासाठी? लेकाने आग्रह केला तरी त्याला सांगा, "बाबा रे, भाड्याची व्हीलचेअर घे, दुपारी दोन तास हॉटेलवर नेऊन झोपू दे आणि संध्याकाळी पुन्हा आण." गुडघ्यांना तेवढे पुरते.

गंमत म्हणजे, याच डिस्नेने १९९९ मध्ये रांग टाळायची एक चिठ्ठी सुरू केली होती, ती सगळ्यांना फुकट होती. यंत्रातून चिठ्ठी घ्यायची, तिच्यावर लिहिलेल्या वेळी परत यायचे. २०२१ मध्ये ती पद्धत गेली आणि तशाच सोयीला पैसे पडू लागले. सवय आधी लागते, दर मागून येतो. आपल्या दूधवाल्याचे 'घरपोच' आठवते ना?

सिंगापूरची गोष्ट मात्र वेगळी. ग्रुप टूरबरोबर जाणाऱ्या बायकांना सेंटोसा बेटावरच्या युनिव्हर्सल स्टुडिओजमध्ये थोडेच तास मिळतात. टूर मॅनेजर दारात सोडतो, परतीची वेळ सांगतो, आणि बस कुणासाठी थांबत नाही. तिथे एक्सप्रेसला मी नाही म्हणणार नाही. एवढे विमानाचे भाडे भरून गेलेले, पुन्हा जाणे होईल न होईल, आणि हातात चार-पाच तास. खोपोलीचे तसे नाही. राहिलेल्या राइड पुढच्या वर्षी. आणि लहान मुलांना नुसते पाण्यातच डुंबायचे असेल तर तेवढेही लांब कशाला? ठाण्याच्या घोडबंदर रोडवर सूरज वॉटर पार्क आहे, टिकुजीनी वाडी आहे. रिक्षाने जा, रिक्षाने या.

साध्या तिकिटावर जाणार असाल, तर वाटाड्याचे काम तुमचे तुम्हालाच करता येते. दार उघडायच्या आधी अर्धा तास पोचा. आत शिरल्यावर सगळे जण समोर दिसेल त्या पहिल्या राइडला लागतात. तुम्ही नकाशा बघून सर्वांत गर्दीची राइड आधी गाठा, लांब असली तरी. एक ते अडीच सगळे पार्क जेवायला बसलेले असते, तेव्हा रांगा आखूड होतात. म्हणून मुलांना साडेबारालाच खाऊ घाला किंवा तीनपर्यंत थोपवा. भरल्या पोटी लगेच मोठ्या राइडवर पाठवू नका, हे काही तुम्हाला सांगायला नको. बाहेरचे खाणे आत नेऊ देत नाहीत, तेव्हा दशम्या, चटणी, केळी हे गाडीतच उरकायचे. बाळाचे खाणे आणि औषधे यांचे आधी फोन करून विचारा. खरे सांगायचे तर दिवसाचा मोठा खर्च आतल्या खाण्यापिण्यावरच होतो, त्यामुळे जेवणासकट तिकीट मिळत असेल तर त्याचा हिशेब एक्सप्रेसच्या आधी करा. आणि एक्सप्रेस घ्यायचे की नाही, हे घरून ठरवूनच निघा. खिडकीशी उभे राहून, मुलांच्या देखत हा वाद घातला की काय होते ते सांगायला हवे का?

ठाणे, डोंबिवली, कल्याणहून खोपोलीची लोकल मिळते. तशी मिळाली नाही तर कर्जतला उतरून गाडी बदलायची. पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी, मग खोपोली. पुढे रिक्षा. बसायच्या आधी रिक्षाचे भाडे ठरवून घ्या आणि येतानाची सोय त्याच रिक्षावाल्याशी बोलून ठेवा. खोपोलीहून परतीच्या गाड्या मोजक्याच, तेव्हा सकाळी उतरल्या उतरल्या स्टेशनवरच संध्याकाळच्या दोन गाड्यांच्या वेळा कागदावर टिपून घ्या. तो कागद मात्र मिस्टरांच्या खिशात ठेवू नका, ओल्या कपड्यांबरोबर पिशवीत जातो.