न उघडलेली छत्री

स्वीडनमधल्या संशोधकांनी 2009 साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. घोड्यावर बसून ठरलेल्या वाटेने चार वेळा जायचं, एवढंच स्वारांना काम. स्वार आणि घोडा, दोघांच्याही हृदयाचे ठोके मोजले जात होते. चौथ्या फेरीआधी स्वारांना सांगितलं, या वेळी तुम्ही जवळून जाताना वाटेत उभा असलेला माणूस छत्री उघडेल. अशी अचानक छत्री उघडली की घोडा बुजू शकतो, हे स्वारांना ठाऊक होतं. प्रत्यक्षात छत्री उघडलीच नाही. तरी स्वारांचे ठोके वाढले. आणि ज्यांना छत्रीचा पत्ताही नव्हता, त्या घोड्यांचेही वाढले. स्वारांनी लगाम मात्र आखडून धरले होते.

घोडा हा शिकार होणारा प्राणी. कळपात एकाने कान टवकारले की बाकीचे सावध होतात. अंगावर माशी बसली तरी त्याची कातडी थरथरते, मग पाठीवरच्या माणसाची चलबिचल त्याला कळणार नाही का? घाबरलेला स्वार श्वास रोखतो, मांड्या आवळतो, पुढे वाकतो. घोडा अस्वस्थ होतो, ते पाहून स्वार आणखी आखडतो.

अशा वेळी ‘घाबरू नकोस’ हा सल्ला कुचकामी. मानसिक प्रशिक्षणात भीती घालवण्याच्या मागे न लागता शरीराला आणि मनाला दुसरं काम दिलं जातं. पहिलं काम श्वासाचं. उच्छ्वास लांबवला की व्हेगस नावाच्या मज्जातंतूमार्फत हृदयाची गती उतरते. म्हणून काही प्रशिक्षक विद्यार्थ्याला घोड्यावर चक्क गाणं म्हणायला लावतात. गाणाऱ्याला श्वास कोंडून ठेवता येत नाही!

दुसरं काम नजरेचं. भेदरलेला स्वार घोड्याच्या आयाळीकडे टक लावून बसतो. मान झुकते, तोल पुढे जातो. अमेरिकन प्रशिक्षक सॅली स्विफ्ट यांनी 1985 सालच्या ‘सेंटर्ड रायडिंग’ या पुस्तकात नजर सैल ठेवून सगळं मैदान पाहायला शिकवलं.

तिसरं काम कल्पनेचं. छत्री मनातच उघडली होती. मग त्याच मनात शांत फेरीही मारता येते. रोज काही मिनिटं डोळे मिटून ती फेरी पाहायची, अगदी खोगिराच्या कातड्याच्या वासासकट. मात्र त्यात अडचणही घालायची: ‘घोडा बुजला, तर मी श्वास सोडेन आणि टाचा खाली दाबेन.’ जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलवित्झर यांनी अशा ‘जर-तर’ संकल्पांचा अभ्यास केला. आधीच ठरवून ठेवलेली कृती ऐन वेळी विचार न करता सुचते, हे त्याचं मर्म.

चौथी गोष्ट पायऱ्यांची. मानसोपचारतज्ज्ञ जोसेफ वोल्पे यांनी दक्षिण आफ्रिकेत घाबरलेल्या मांजरांना भीतीच्या जागेपासून दूर खाऊ घालत हळूहळू त्या जागेजवळ आणलं. त्यातून 1958 पर्यंत माणसांसाठीची उपचारपद्धती आकाराला आली. पडल्यानंतर धसका घेतलेल्या स्वारालाही तोच क्रम लागू पडतो. आधी नुसता खरारा करायचा, मग उभ्या घोड्यावर बसायचं, मग कोणीतरी धरलेल्या घोड्यावरून एक फेरी, आणि दुडकी चाल त्यानंतर. आधीच्या पायरीचा कंटाळा येऊ लागला, की पुढची चढायची.

अर्थात, भीती दरवेळी खोटी नसते. घोडा आवाक्याबाहेरचा असेल, मांड कच्ची असेल किंवा जुनी दुखापत बरी झालेली नसेल, तर ती खरंच बोलत असते. तिथे डोळे मिटून चित्रं रंगवू नयेत. घोडा बदलावा, मांड पक्की करावी, डॉक्टरांना भेटावं.

माथेरानला घोड्यावर बसताना पोटात गोळा आला, तर लाजू नका. घोडेवाल्याला घोडा धरून चालवायला सांगा, हेल्मेट मागून घ्या आणि निघण्याआधी एक लांब श्वास सोडा.