चावीच्या घड्याळांचा गोतावळा

संग्रहाचा छंद मनुष्याला एकदा जडला म्हणजे तो कोणत्या वस्तूवर जाऊन स्थिरावेल, याचा अदमास बांधणे कठीण. पुण्याच्या दिनकर गंगाधर केळकरांनी गावोगाव पायपीट करून अडकित्ते, दिवे, दौती, वाद्ये आणि कोरीव दरवाजे जमविले व अकाली निवर्तलेल्या आपल्या राजा या मुलाच्या नावाने त्यांचे वस्तुसंग्रहालय उभारले, हे सर्वश्रुत आहे. परंतु अडकित्ता असो वा दौत, ती संग्रहात दाखल झाली की तिची चाकरी संपते. यापुढे तिने केवळ दिसावे, एवढीच तिच्याकडून अपेक्षा. मनगटी घड्याळाची गोष्ट निराळी. चावीचे घड्याळ वर्षानुवर्षे पेटीत पडून राहिले तर त्यातील तेल आटते, ओलाव्याने पोलादाला गंज धरतो आणि एके दिवशी ते चावीला दादच देईनासे होते. ते चालते ठेवायचे तर उत्तम घड्याळजी हवा, बंद पडलेल्या कारखान्याचा एखादा सुटा भाग शोधून देणारा कोणी हवा, आणि ‘हा काटा या नमुन्याचा नव्हे’ असे निःसंकोचपणे सांगणारा जाणकारही हवा. सारांश, हा छंद एकट्याने निभावत नाही. आणि जे एकट्याने निभावत नाही त्याच्याभोवती माणसे जमतात, हा जगाचा रिवाजच आहे.

उंची घड्याळ म्हटले की सामान्य वाचकाच्या डोळ्यांपुढे स्वित्झर्लंड, लाखांच्या घरातील किंमत आणि धनिकाचे मनगट उभे राहते. ही समजूत अगदीच निराधार नव्हे. १९३१ साली पेटंट झालेले ‘रिव्हर्सो’ हे आज अतिशय महागडे गणले जाणारे स्विस घड्याळ जन्माला आले तेच मुळी हिंदुस्थानात पोलो खेळणाऱ्या इंग्रज अंमलदारांच्या घड्याळांच्या काचा फुटू नयेत म्हणून. खेळताना त्याची डायल उलटी फिरवून आत दडविता येते. पण पोलो आणि पोलोवाले यांच्याशी ज्याचा काडीइतका संबंध नाही, अशा बियाण्यांच्या, लोखंडी सळयांच्या आणि मोसंबीच्या जालना जिल्ह्यातही हा छंद करणे शक्य आहे; किंबहुना त्याचे खरे स्वरूप अशाच ठिकाणी अधिक स्पष्ट दिसते, असे माझे मत आहे. जिथे पैशाने सर्व काही विकत मिळत नाही, तिथे माहिती, कसब आणि ओळख यांनाच चलनाची किंमत येते.

या मुलखाने काळ मोजण्याच्या पद्धतीही एकाहून अधिक पाहिल्या आहेत. घरात पंचांगाची तिथी. लग्नाच्या मुहूर्ताला पाण्यात सोडलेले आणि चोवीस मिनिटांनी, म्हणजे एका घटकेने, बुडणारे घटिकापात्र. निजामाच्या दफ्तरी, सारावसुलीच्या कागदांवर, फसली सन. आणि विसाव्या शतकाच्या आरंभी मनमाडहून हैदराबादेकडे जाणारी रेल्वे आली तेव्हा स्थानकावरचे घड्याळ. १९०६ पासून हिंदुस्थानात प्रमाणवेळ आली. ती साडेब्याऐंशी अंश रेखावृत्तावरून ठरविलेली, आणि जालना वसले आहे शहात्तर अंशांच्या किंचित अलीकडे. त्यामुळे इथे सूर्य माथ्यावर येतो तेव्हा घड्याळात सरासरीने बारा वाजून सव्वीस मिनिटे झालेली असतात. शेतकऱ्याची दुपार आणि कचेरीची दुपार यांत हे सव्वीस मिनिटांचे अंतर आजही कायम आहे. मनगटावर घड्याळ आले, ते या दुसऱ्या दुपारशी नाते जोडण्यासाठी.

प्रथम ते आले परदेशातून. १८८६ पासून हिंदुस्थानच्या बाजारपेठेवर लक्ष ठेवून चाललेल्या ‘वेस्ट एंड वॉच कंपनी’चे ‘सोवार प्रायमा’ फौजेतल्या माणसांत आणि रेल्वेच्या नोकरांत विशेष मान्यता पावलेले होते. स्वित्झर्लंडमधील ल लोक्ल येथे १७३७ साली मूळ धरलेल्या ‘फाव्र-ल्युबा’ने एकोणिसाव्या शतकातच मुंबईत बस्तान बसविले, आणि त्यांचे ‘सी किंग’ व ‘सी चीफ’ पुढे मध्यमवर्गाच्या आकांक्षेचे प्रतीक झाले. परंतु मराठवाड्यातल्या साध्या घरात घड्याळ खऱ्या अर्थाने शिरले ते १९६१ नंतर, जेव्हा हिंदुस्थान मशीन टूल्स (एचएमटी) या सरकारी कारखान्याने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगलोरला मनगटी घड्याळे बनविण्यास प्रारंभ केला. ‘जनता’, ‘पायलट’, ‘जवान’, ‘सोना’, ‘कोहिनूर’, स्त्रियांसाठी ‘सुजाता’, अंधांना बोटांनी चाचपून वेळ कळावी म्हणून उघडझाप होणाऱ्या काचेचे ब्रेल घड्याळ, अशी त्यांची नामावळी. आणि आपोआप चावी बसणाऱ्या ‘कांचन’ला तर एके काळी इतका उठाव होता की छापील किमतीवर वरकड रक्कम मोजून ते मिळवावे लागे. सायकल, घड्याळ आणि रेडिओ या तीन वस्तूंवर मुलीच्या बापाची झोप उडविणारी लग्नाची बोलणी अडत, ती हीच वर्षे. तेव्हा जुन्या एचएमटीच्या पाठीवर कोरलेले नाव व तारीख वाचताना तिच्यामागे आनंद होता की कर्ज, हे विचारल्यावाचून राहवत नाही.

जालन्याला आणखी एक जवळचा दुवा आहे. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा प्रदेश ज्या संस्थानात होता त्याच्या राजधानीत, हैदराबादेत, १९४२ साली स्थापन झालेल्या ‘ऑल्विन’ने ऐंशीच्या दशकाच्या आरंभी जपानच्या सेइको कंपनीच्या साहाय्याने मनगटी घड्याळे काढली. फ्रिज आणि बसची बांधणी यांसाठी ख्यात असलेल्या या कारखान्याची घड्याळे फार काळ टिकली नाहीत. आज एचएमटीच्या मानाने त्यांना विचारणारे थोडे. आणि म्हणूनच संग्राहकाच्या दृष्टीने ती अधिक रोचक.

आता एखादे ‘जनता’ जवळून पाहू. घड्याळजी डोळ्याला भिंग लावून पाठीचे झाकण सुरीच्या पात्याने उचकटतो तेव्हा आत दिसते ते ‘मशीन’. सतरा माणके, म्हणजे कृत्रिम माणिकाचे सतरा सूक्ष्म आधार, ज्यांच्यावर चाकांचे आस फिरतात; धातू धातूवर घासला तर जी झीज होते ती माणकामुळे टळते. चावी दिली की मेन स्प्रिंग आवळली जाते आणि उलगडताना चाकांना जोर देते. हा जोर एकदम वाहून जाऊ नये म्हणून केसाइतक्या बारीक स्प्रिंगवर मागेपुढे झुलणारे बॅलन्स चाक प्रत्येक झोक्याला एक दात सोडते. सेकंदाला पाच ठोके, तासाला अठरा हजार, दिवसाला चार लक्ष बत्तीस हजार. मनुष्याचे हृदयसुद्धा इतके धावत नाही. घड्याळजी हे सर्व सुटे करतो, पेट्रोलमध्ये धुतो, रबरी फुंकणीने कोरडे करतो, सुईच्या टोकावर मावेल इतके तेल ठरावीक जागी ठेवतो आणि शेवटी बॅलन्स बसवून चिमट्याने हलकेच स्पर्श करतो. चाक झुलू लागले की तो घड्याळ कानाशी नेतो. दुकानात उभा असलेला मालकही त्या क्षणी नकळत बोलणे थांबवितो.

या छंदाचे स्नेहबंध जुळतात ते अशा दुकानांत. जुन्या बाजारातल्या गल्लीत, जिन्याखाली, काचेच्या एका कपाटाच्या आड बसलेल्या घड्याळजीकडे निवृत्त शिक्षक, तहसिलीतला कारकून, एसटीचा वाहक आणि आडत्याचा मुलगा एकाच बाकावर बसलेले दिसतात, आणि त्यांच्यातली पायरी तिथे विसरली जाते. दुसऱ्याचे घड्याळ हातात घेण्याचीही एक रीत आहे: प्रथम कानाशी, मग पाठीवर नजर, मग डायल, आणि किंमत अगदी शेवटी, किंबहुना किंमत विचारली नाही तर ते अधिक सभ्यपणाचे. “भाऊ, डायल ओरिजनल हाय का रंगवलेली?” हा प्रश्न तिथे अपमान मानला जात नाही. उलट, विचारणाऱ्याला भिंग पुढे केले जाते. एकाच्या मृत घड्याळातील चावी दुसऱ्याच्या जिवंत घड्याळाला बसते, आणि त्या बदल्यात पैशाऐवजी एक चहा आणि ‘पुढं कधी जवानचे काटे सापडले तर सांगा’ एवढे आश्वासन पुरते. देवनागरी अंकांची डायल असलेले ‘जनता’ ज्याच्याकडे असेल, त्याला मात्र चार माणसांत थोडा भाव खाण्याची मुभा असते.

या उत्साहात भाबडेपणाला मात्र थारा असू नये. जुन्या स्विस आणि एचएमटी मशीनवर भडक रंगाची, मूळ कारखान्याने कधी न काढलेली डायल बसवून विकलेली घड्याळे जगभरच्या संग्राहकांत ‘मुंबई स्पेशल’ या अपकीर्तिकारक नावाने ओळखली जातात. ‘पायलट’ किंवा ‘फाव्र-ल्युबा’ निळ्या-नारिंगी डायलसह अगदी कोरे करकरीत आणि स्वस्त मिळत असेल, तर सावध व्हावे: अक्षरांच्या कडा भिंगाखाली तपासाव्यात, पाठीवरचा मजकूर मशीनशी जुळतो का ते पाहावे, काटे त्याच नमुन्याचे आहेत का ते विचारावे. दोन घड्याळांचे भाग एकत्र करून एक चालते करणे हा गुन्हा नव्हे, गरिबाघरची ती काटकसर आहे. परंतु ते लपवून अस्सल म्हणून विकणे ही फसवणूक. हा भेद शिकविणारा कोणताही ग्रंथ बाकावर बसणाऱ्या जाणत्या मित्राच्या तोडीचा नाही.

कोणी म्हणेल, हे सर्व कशासाठी? १९६९ च्या डिसेंबरात सेइकोने ‘अॅस्ट्रॉन’ हे क्वार्ट्झचे मनगटी घड्याळ बाजारात आणले आणि अचूकतेचा प्रश्न कायमचा निकालात निघाला. आज शे-दोनशे रुपयांचे सेलवर चालणारे घड्याळ महिन्याला जितके चुकते, तितके चावीचे उत्तम घड्याळ एका दिवसात चुकू शकते. आपल्याकडे टाटा आणि तमिळनाडू सरकारच्या महामंडळाने मिळून १९८४ साली ‘टायटन’ स्थापली. होसूरच्या क्वार्ट्झ घड्याळांनी बाजार काबीज केला. आणि अखेर जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने एचएमटीच्या घड्याळ-कंपनीचा गाशा गुंडाळण्यास मंजुरी दिली. अचूक वेळ तर आता प्रत्येकाच्या खिशातील मोबाइलवर फुकट आहे. या आक्षेपाचे उत्तर माझ्या मते असे: अचूकतेसाठी घड्याळ बाळगण्याची गरज संपली, म्हणूनच त्याच्यावर निव्वळ प्रेम करण्याची मोकळीक मिळाली. ज्या वस्तूला रोज सकाळी आपल्या बोटांनी चावी द्यावी लागते, जिची चाल दुरुस्त करता येते, जिचे बापाच्या मनगटावरून मुलाच्या मनगटावर जाताना पट्ट्याखेरीज काहीच बदलत नाही, अशा वस्तू आता घरात मोजक्याच उरल्या आहेत. अमर्याद संपत्ती ओतून शंभर घड्याळे तिजोरीत बंद करणारा मला संग्राहक वाटत नाही, तो साठेबाज आहे. आणि दोनच घड्याळे, पण ती चालती ठेवणारा व चार मित्रांना चालती ठेवायला मदत करणारा, तो खरा संग्राहक.

या छंदावर एकच सावट आहे, ते घड्याळांच्या टंचाईचे नव्हे. जुनी घड्याळे अजून पुष्कळ निघतील. टंचाई आहे ती हातांची. घड्याळजीची मुले आता मोबाइल दुरुस्तीकडे किंवा नोकरीकडे वळली, आणि त्यात त्यांची चूक नाही. सेल बदलून मिळणाऱ्या किरकोळ पैशांवर प्रपंच चालत नाही. ज्यांना हा वारसा टिकावा असे वाटते त्यांनी धुलाईची मजुरी घासाघीस न करता द्यावी, आणि एखादा होतकरू मुलगा शिकायला तयार असेल तर त्याला भिंग आणि चिमटा घेऊन द्यावा.

वाचकाला विनंती एवढीच. कपाटाच्या कप्प्यात आजोबांचे वा आत्याचे बंद घड्याळ असेल तर ते मोडीत देऊ नका. त्याची डायल घासून चकचकीत करू नका आणि बळजबरीने चावीही पिळू नका. सुकलेल्या तेलात मशीन फिरविल्याने आसांची झीज होते. गावातल्या घड्याळजीकडे नेऊन ते धुऊन घ्या, ते कोणी, केव्हा, कोणत्या निमित्ताने घेतले हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून कागदावर लिहून डब्यात ठेवा, आणि आठवड्यातून एकदा तरी मनगटावर बांधा. तेवढ्याने तुम्ही या गोतावळ्यात दाखल झालात असे समजावे. प्रवेशाची दुसरी कोणतीही सनद इथे लागत नाही.