हृदयाची तपासणी आणि उपवास

मुखेडहून नांदेडास हृदयाच्या ‘इको’ तपासणीसाठी जाताना आमचे एक वृद्ध स्नेही मधुमेहाची गोळी घेऊन निराहारच निघाले व वाटेत त्यांस घेरी आली. हा उपवास व्यर्थ होता. १९५३ साली स्वीडनमधील लुंड येथे एड्लर व हर्ट्झ यांनी आरंभिलेल्या या परीक्षेत छातीवरून ध्वनिलहरी सोडून हृदयाचे चलनवलन पाहतात. पोटातील अन्न आड येत नाही. मात्र नळी अन्ननलिकेत उतरवावयाची असल्यास सुमारे ६ तास अन्न वर्ज्य; ओकारी होऊन ते श्वासनलिकेत जाण्याचे भय असते. चालवून वा पळवून तपासावयाचे असल्यासही काही तास आधीपासून खाणे व चहा टाळावा. तेव्हा तपासणी कोणती, हे डॉक्टरांस आधी विचारावे; मधुमेह असल्यास गोळीचेही विचारूनच घराबाहेर पडावे.