लोणी फ्रीजबाहेर ठेवावं का?

गैरसमज : बटर रात्रभर बाहेर राहिलं की टाकूनच द्यावं.

दूध नासतं, म्हणून बटरही नासणार, असा हा सरळ हिशेब. पण जंतूंना वाढायला पाणी लागतं, आणि बटरमध्ये किमान 80 टक्के स्निग्धांशच असतो. पाणी फार तर 16 टक्के, तेही डोळ्यांना न दिसणाऱ्या थेंबांत विखुरलेलं. 100 ग्रॅम खारट बटरमध्ये 2 ग्रॅम मीठ धरलं, तर ते सगळं त्या थेंबांतच विरघळतं. म्हणजे थेंब न् थेंब समुद्राच्या पाण्याहून तिप्पट खारट. तिथे जंतूंची डाळ शिजत नाही. थंड हवेत, झाकलेल्या डब्यात असं बटर एक-दोन दिवस बाहेर सहज राहतं. त्याला खरी बाधा होते ती हवेची आणि उजेडाची. त्यांनीच ते खवट होतं.

गैरसमज : मग घरचं लोणीही तसंच राहील.

छे. त्यात मीठ नाही, पाणी जास्त, आणि ताकाचा अंश उरलेला. आंबतो तो हा अंश. म्हणून तर लोणी परातीत घेऊन थंड पाण्यात हाताने दाबत धुवायचं. पहिलं पाणी दुधासारखं पांढरं येतं, दुसरं गढूळ. नितळ येईपर्यंत पाणी बदलायचं. कंटाळा करून दुसऱ्या पाण्यावरच थांबलात, तर वास लवकर येणार. धुतलेला गोळा पाण्यात बुडवून ठेवला की हवा लागत नाही, मात्र ते पाणीही रोज बदलावं लागतं. उन्हाळ्यात त्याला फ्रीजच बरा.

गैरसमज : पाण्यात उपडं ठेवायचं फ्रेंच भांडं आणलं की झालं.

त्याच्या झाकणाच्या वाटीत बटर दाबून भरतात आणि ती पाण्यावर उपडी घालतात. पाण्यामुळे हवा अडते. युक्ती चांगली आहे, पण खोलीचं तापमान 20 अंशांच्या आसपास असेल तर! बटर 32 ते 35 अंशांच्या दरम्यान वितळतं. मे महिन्यात नागपूरला ते वाटीतून घसरून पाण्यात पोहायला लागेल. ओलं फडकं गुंडाळलेलं मातीचं भांडं तिथल्या कोरड्या हवेत थोडा गारवा देतं; रत्नागिरीच्या दमट हवेत तेवढीही आशा नको.

गैरसमज : मऊ हवं तर मायक्रोवेव्हला पर्याय नाही.

त्यात कडा वितळतात, मधला भाग दगडच राहतो. वितळलेलं पुन्हा गोठवलं तर रवाळ होतं. त्यापेक्षा फ्रीजमधलं बटर थेट किसणीवर किसावं. पोळी तव्यावरून उतरेपर्यंत कीस मऊ होतो.

गैरसमज : वास आला तर कढवून तूप करावं.

नुसतं आंबूस झालं असेल, तर जरूर. खवटपणा मात्र कढवून जात नाही, आणि बुरशी दिसली तर गोळा सरळ फेकावा.