दूरदेशीची डॉक्टरकी आणि इकडचं माणूस

नीटला गुण कमी पडले, खासगी कॉलेजची फी परवडेना, मग तिबिलिसी नाहीतर बिश्केक. या निर्णयात आई-बाबा असतात, एजंट असतो, बँक असते. क्लासमधल्या ज्या कुणाशी जुळलेलं असतं, ते मात्र कुणाच्याच हिशोबात नसतं. मग दोघं ऐकीव माहितीवर बेत रचतात, आणि ती माहिती बरेचदा चुकीची असते.

‘सहाच वर्षांचा तर प्रश्न आहे.’

सगळ्यांत महागात पडणारा गैरसमज हाच. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नोव्हेंबर २०२१च्या नियमांप्रमाणे परदेशातला अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा हवा, वर तिथेच १२ महिन्यांची इंटर्नशिप. परत आल्यावर एफएमजीई ही परवान्याची परीक्षा: ३०० प्रश्न, पास व्हायला १५०. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तरी गेल्या काही वर्षांत पास होणारे बहुतेक वेळा तीस टक्क्यांच्या आतच आहेत. परीक्षा वर्षातून दोनदा, म्हणजे एक खेप हुकली की सहा महिने गेले. त्यानंतर भारतात पुन्हा १२ महिन्यांची इंटर्नशिप, आणि पीजी करायचं तर आणखी तीन वर्षं. अठराव्या वर्षी गेलेली मुलगी स्पेशालिस्ट होईतो तिशीला टेकते. इंजिनिअरिंग करून पुण्यात नोकरीला लागलेल्या तिच्या मित्राला तोवर घरचे ‘अजून किती थांबायचं?’ म्हणून भंडावून सोडतात. सहा वर्षांचा शब्द दिलेला असला, की पुढचं प्रत्येक वर्ष त्याला फसवणूक वाटू लागतं. खरा आकडा पहिल्या दिवशीच सांगितलेला बरा.

‘इंटर्नशिप तुझ्या देशात येऊन करीन.’

तो मास्टर्सला जर्मनीत, ती जॉर्जियात. बेत छान, पण चालत नाही. सगळं शिक्षण आणि तिथली इंटर्नशिप एकाच परदेशी संस्थेत पुरी करावी लागते. थोडं इथे, थोडं तिथे केलं तर भारतात नोंदणी अडते. २०२२ साली युद्धामुळे युक्रेनमधल्या विद्यार्थ्यांना दुसऱ्या देशात जायची मुभा मिळाली. तो अपवाद होता. लग्न किंवा बाळंतपणासाठी मध्ये थांबणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावं, की प्रवेशापासून दहा वर्षांत अभ्यासक्रम पुरा व्हावा लागतो.

‘घड्याळाचा फरक नातं तोडतो.’

तिबिलिसी आपल्यापेक्षा दीड तास मागे, मॉस्को अडीच तास, बिश्केक तर अर्धा तास पुढे. एवढ्याने कुणाचं काही तुटत नाही. अमेरिकेत रेसिडेन्सी, म्हणजे तिथलं पीजी, करणाऱ्यांची गोष्ट वेगळी. पुण्यात तो रात्री आठला ताट वाढून घेऊन फोन लावतो, तेव्हा न्यूयॉर्कला उन्हाळ्यात सकाळचे साडेदहा वाजलेले असतात आणि तिचा राउंड चालू असतो. साडेसहाला ती सुटते, तेव्हा इकडे पहाटेचे चार. त्यात आठवड्याला ८० तासांपर्यंत काम करवून घेण्याची तिथे मुभा आहे, तीही चार आठवड्यांच्या सरासरीने. रोज बोलायचा नेम मोडला म्हणून रुसण्यापेक्षा महिन्याचं ड्यूटीचं वेळापत्रक हाती आलं की फोनचे दिवस ठरवावेत.

‘लांब राहिलं की माया आटते, एकदा एकत्र आलो की सुटलो.’

दोन्ही अर्धवट. जियांग आणि हॅनकॉक यांच्या २०१३च्या अभ्यासात लांब राहणाऱ्या जोडप्यांना जवळ राहणाऱ्यांइतकीच, काही बाबतींत जास्तच जवळीक वाटत होती. मात्र एकमेकांना देव्हाऱ्यात बसवण्याची खोडही त्यांना जास्त होती. लॉरा स्टॅफर्ड आणि सहकाऱ्यांनी २००६ साली कॉलेजवयीन जोडप्यांवर केलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष तर साखरपुड्याआधी वाचावा असा आहे: पुन्हा एका गावात आलेल्यांपैकी जवळपास एक तृतीयांश तीन महिन्यांत वेगळे झाले. फोनवरच्या माणसाचं घोरणं ऐकू येत नाही ना!

‘लग्नाचा दाखला असला तरच दोघांना एका शहरात रेसिडेन्सी मिळते.’

चूक. अमेरिकेत रेसिडेन्सीच्या जागा ‘मॅच’मधून ठरतात. तिथल्या ‘कपल्स मॅच’मध्ये कुठलेही दोन उमेदवार आपले पसंतीक्रम जोडू शकतात, नात्याचा पुरावा कुणी मागत नाही. पण दोघंही त्याच वर्षीच्या मॅचमध्ये हवेत. इंजिनिअर नवऱ्याचा इथे काही उपयोग नाही.

‘अमेरिकेचा एच-वन बी व्हिसा मिळाला की प्रश्न मिटला.’

डॉक्टरचा मिटतो, जोडीदाराचा तिथेच सुरू होतो. एच-वन बीवाल्याच्या जोडीदाराला एच-फोर मिळतो, आणि ग्रीन कार्डची प्रक्रिया ठरावीक टप्प्यापर्यंत गेल्याशिवाय त्यावर सहसा नोकरी करता येत नाही. उलट जे-वन व्हिसावर आलेल्या डॉक्टरच्या जोडीदाराला कामाची परवानगी मागता येते. जे-वनची मेख अशी, की प्रशिक्षण संपल्यावर दोन वर्षं मायदेशी परतावं लागतं, नाहीतर डॉक्टरांची वानवा असलेल्या भागात तीन वर्षं नोकरी करून सूट मिळवावी लागते. म्हणून सगळे एच-वन बीच्या मागे असतात. पण ज्याची बरी चाललेली नोकरी पुण्यात आहे आणि जो तिकडे जायला फारसा राजी नाही, त्याच्याशी लग्न ठरलेल्या डॉक्टरने ही दोन वर्षांची अट एकदा नीट वाचावी. एरवी अडचण वाटणारा हा नियम त्या दोघांच्या सोयीचाच निघेल.