गाईडचे पथक आणि त्याची कॅप्टन

मुलींनी एकत्र जमण्याचे प्रसंग मराठवाड्याला नवे नाहीत. नागपंचमीचे झोके आणि फेर गावोगाव होते, आजही आहेत. परंतु सण सरला की हा मेळा पांगतो, आणि त्यात पुढारीपण कोणाकडे, काम कोणते, हिशेब कोणी ठेवावयाचा, असे प्रश्न उद्भवतच नाहीत. वर्षभर टिकणारे, नियमाने चालणारे आणि पुष्कळसा कारभार मुलींच्याच हाती सोपविणारे मंडळ आपल्याकडे शाळेच्या दारातून आले, आणि नांदेड-लातूरकडील सामान्य कुटुंबाला ते ‘गाईड’ या नावानेच परिचित आहे.

या चळवळीचा उगम मुलींच्या हट्टात आहे, हे मला तिच्या इतिहासातले सर्वांत सुंदर कलम वाटते. १९०९ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये बालवीरांचा, म्हणजे स्काऊटांचा, मेळावा भरला असता काही मुली निमंत्रणावाचून तेथे हजर झाल्या आणि आम्हांसही यात घ्या, असे त्यांनी बालवीर चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांना बजावले. पुढल्याच वर्षी मुलींची स्वतंत्र संघटना निघाली आणि १९११ मध्ये जबलपूर येथे हिंदुस्थानातील पहिले पथक उभे राहिले. ७ नोव्हेंबर १९५० रोजी ‘भारत स्काऊट्स आणि गाईड्स’ ही संस्था स्थापन झाली, आणि १५ ऑगस्ट १९५१ रोजी मुलींची निराळी संघटनाही तीत विलीन झाली. नांदेड व लातूर हा मुलूख तोवर निजामी अंमलातून बाहेर पडून जेमतेम तीन वर्षे झाली होती, आणि मुलीला शाळेत धाडणे हेच जेथे धाडस समजले जाई तेथे तिला तंबूत मुक्कामास धाडण्याची कल्पना कोणा बापाला सुचली असेल, असे वाटत नाही. लातूर तर १९८२ पर्यंत उस्मानाबाद जिल्ह्याचाच भाग होते. आज मात्र नांदेड आणि लातूर या दोन्ही ठिकाणी संस्थेची जिल्हा शाखा आहे.

दहा वर्षांच्या आतील मुलींना ‘बुलबुल’ म्हणतात; त्यांचा थवा असतो, थव्यात सहा-सहा जणींची षटके असतात, आणि प्रगतीप्रमाणे त्यांना कोमल पंख, रजत पंख, सुवर्ण पंख अशी चिन्हे मिळतात. त्यापुढील वयाच्या मुली म्हणजे गाईड. सहा ते आठ जणींचा एक संघ, संघाची एक संघनायिका आणि अशा संघांच्या पथकावर एक प्रौढ स्त्री, जिला कॅप्टन म्हणतात. प्रवेशानंतर प्रथम, द्वितीय, तृतीय सोपान आणि त्यापुढे राज्य व राष्ट्रपती पुरस्कार, अशी ही चढण आहे. परंतु या पायऱ्यांपेक्षा मला महत्त्वाची वाटते ती मानसभा. संघनायिका तेथे कॅप्टनसमवेत बसून सहलीचा बेत ठरवितात, पथकाच्या पैशांचा विनियोग ठरवितात, आणि एखादीने कामात कुचराई केली असेल तर त्याचाही विचार करतात. ज्या वयात घरातील एकाही मसलतीत मुलीला विचारले जात नाही, त्या वयात तिचे मत येथे इतिवृत्तात नोंदले जाते.

शिक्षणक्रम बाहेरून पाहणाऱ्यास पोरखेळ वाटेल, पण त्यातील प्रत्येक गोष्टीला उपयोग आहे. दोन दोऱ्या जोडणारी चपटी गाठ अंगाला टोचत नाही, म्हणून ती जखमेवरील पट्टीला उपयोगी पडते. गळ्यातला स्कार्फ उलगडला की मोडलेल्या हाताची झोळी होते. दोन काठ्या आणि एक घोंगडी यांतून रुग्णाला उचलून नेण्याची डोली तयार होते. शिबिरात बिनभांड्याचा स्वयंपाक असतो, त्यात बटाटे चिखलाने लिंपून निखाऱ्यात भाजतात आणि कणीक काठीभोवती गुंडाळून शेकतात. घरी रोज भाकऱ्या थापून कंटाळलेली मुलगी येथे तेच काम हसत करते, कारण येथे ते तिच्या एकटीवर पडलेले नसते. ‘खरी कमाई’ या उपक्रमाविषयी मात्र किंचित तक्रार नोंदविणे प्राप्त आहे. स्वतःच्या श्रमाने चार पैसे मिळवावेत हा त्याचा मूळ हेतू. पण पुष्कळ शाळांत आया पदार्थ करतात, मुली विकतात आणि पालकच विकत घेतात. ही कमाई खरी कोणाची?

पथकाचे बोधवाक्य ‘तयार’ एवढेच आहे, आणि या भागाला त्याचा अर्थ फोड करून सांगावा लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर-उस्मानाबादेतील हजारो माणसे गाडली गेली. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी आणावे लागले. अशा प्रांतात जखम बांधता येणारी, रांगेत शिस्त राखणारी, न घाबरता निरोप पोहोचविणारी मुलगी ही शोभेची वस्तू नव्हे. संकट नसतानाही सेवेला वाव आहे: लोहा तालुक्यात माळेगावला मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते. चुकलेली मुले आईबापांच्या स्वाधीन करणे आणि वृद्धांना पाणी देणे, या सेवेचे शिक्षण अशा गर्दीइतके दुसरीकडे मिळणार नाही.

मग पथके क्षीण का होतात? मुलींचा उत्साह आटला, असे म्हणण्याचा शिरस्ता आहे. तो मला मान्य नाही. परीक्षेच्या तयारीच्या ‘लातूर पॅटर्न’ने गुणवत्ता यादीत नाव मिळविले खरे, पण त्याबरोबर शाळेपूर्वी शिकवणी आणि शाळेनंतर शिकवणी हा दिनक्रमही रूढ केला, आणि त्यात पहिली कात्री गाईडच्या तासिकेला लागली. खेड्यात पाणी भरणे, धाकटी भावंडे आणि लवकर ठरणारे लग्न या अडचणी आहेतच. तरीही सर्वांत मोठी उणीव कॅप्टनची आहे. हे काम बहुधा एखाद्या शिक्षिकेच्या माथी मारले जाते. तिच्याकडे जनगणना, निवडणूक आणि शालेय कागदपत्रे आधीच असतात. तिची बदली झाली की पथक कपाटातल्या दफ्तरात जाते.

ही उणीव हुकुमाने भरून निघणारी नाही. पथक शाळेबाहेरही काढता येते आणि त्याचे नेतृत्व शिक्षिकेनेच करावे असा नियम नाही. नांदेड आणि लातूरमध्ये सेवानिवृत्त परिचारिका आहेत, मुख्याध्यापिका आहेत, बँकेत हिशेब लिहून डोळे थकविलेल्या स्त्रिया आहेत. पट्टी कशी बांधावी, सभा कशी चालवावी आणि रोजकीर्द कशी लिहावी, हे त्यांच्याहून अधिक कोणास ठाऊक असणार? त्यांनी जिल्हा शाखेच्या कचेरीत जावे, प्रशिक्षण कधी आहे याची चौकशी करावी, आणि आठवड्यातील दोन तास आपल्या वस्तीतल्या मुलींसाठी मोकळे ठेवावेत.