आईला आत घेणाऱ्या डॉक्टर

दिवस भरण्याआधी जन्मलेलं, जेमतेम किलो-सव्वा किलोचं बाळ. त्याला नीट चोखता येत नाही, अंगात ऊब टिकत नाही, आणि जंतुसंसर्ग झालाच तर हाताशी वेळ फार थोडा असतो. मुंबईच्या सायन हॉस्पिटलला अशी बाळं नवी नाहीत. महापालिकेचं हे रुग्णालय धारावीच्या उशाशी. गरोदरपणातही कष्टाची कामं न सुटलेल्या कितीतरी बायका इथेच बाळंत होतात. डॉ. अर्मिडा फर्नांडिस इथल्या नवजात विभागात काम करू लागल्या तेव्हा दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण भयंकर होतं. यंत्रं अपुरी, सिस्टर कमी, आणि बाटलीने वरचं दूध पाजायची पद्धत.

फर्नांडिस यांनी बाटली बंद केली आणि आईलाच विभागात आणलं. हात स्वच्छ धुऊन आया बाळाला ऊब देऊ लागल्या, त्याची देखभाल करू लागल्या, अंगावरचं दूध पाजू लागल्या. बाहेरचं माणूस म्हणजे संसर्गाचा धोका, म्हणून आईलाही दाराबाहेर थांबवण्याचा तो काळ. अशा वेळी गरीब, दमलेल्या बाळंतिणीवर एवढा भरवसा टाकायला धाडस लागतं. तो सार्थ ठरला. संसर्ग आणि मृत्यू दोन्ही घटले.

पण आई अत्यवस्थ असेल, तिला दूधच येत नसेल, तर? त्यासाठी 1989 साली सायनला दूधपेढी उभी राहिली. आशियातली पहिली म्हणून ती ओळखली जाते. दूध देणाऱ्या आईची आधी एचआयव्ही, कावीळ ब अशा आजारांसाठी तपासणी होते. स्वतःच्या बाळाचं पोट भरून उरलेलं दूधच तिच्याकडून घेतात. ते 62.5 अंश सेल्सिअसला अर्धा तास तापवतात, झटकन थंड करतात आणि त्यात जंतू उरले नाहीत ना, हे प्रयोगशाळेतून पाहतात. मग ते उणे 20 अंशांना गोठवून ठेवायचं. ज्या बाळाला ते मिळतं त्याची एका वेळची गरज काही मिलिलिटरचीच असते, पण आतड्याच्या जीवघेण्या आजारापासून त्याचा बचाव होण्याची शक्यता त्यामुळे वाढते. सरकारी रुग्णालयांतल्या अशा केंद्रांसाठी केंद्र सरकारने मार्गदर्शक सूचना काढल्या त्या 2017 मध्ये!

फर्नांडिस पुढे याच रुग्णालयाच्या मेडिकल कॉलेजच्या अधिष्ठाता झाल्या. तरी वॉर्डात वाचवलेलं बाळ ज्या घरी जातं तिथे अन्न, पाणी, आईची तब्येत, तिला होणारी मारहाण यांचं काय, हा प्रश्न सुटत नव्हता. 1999 मध्ये त्यांनी ‘स्नेहा’ ही संस्था काढली. गरोदर बायकांची काळजी आणि मुलांचं कुपोषण यांइतकंच कौटुंबिक हिंसाचारालाही संस्थेने आरोग्याचा प्रश्न मानलं. बालरोगतज्ज्ञाने सुरू केलेल्या संस्थेत समुपदेशक आणि कायद्याची मदत असावी, ही दूरदृष्टी विशेष मोलाची.

‘स्नेहा’च्या कामाची कठोर तपासणीही झाली. मुंबईतल्या 48 वस्त्यांचे दोन गट करून, त्यांतल्या एका गटात घेतलेल्या बायकांच्या बैठकांनी बाळंतपणातली काळजी सुधारते का, नवजात मृत्यू कमी होतात का, हे संशोधकांनी मोजलं. 2012 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: तसा परिणाम दिसला नाही. देणगीदारांना सांगायला हे सोयीचं नव्हतं, पण ते उघडपणे छापलं गेलं. स्वयंसेवी क्षेत्रात हा प्रामाणिकपणा दुर्मीळ आहे. संस्थेची रोजची धुराही फर्नांडिस यांनी स्वतःकडे अडवून ठेवली नाही. बँकेतली नोकरी सोडून आलेल्या व्हनेसा डिसूझा मुख्य कार्यकारी अधिकारी झाल्या.

दरम्यान फर्नांडिस यांची मुलगी रोमिला कर्करोगाने गेली. त्यानंतर, निवृत्तीचं वय केव्हाच उलटून गेलेलं असताना, त्यांनी तिच्या नावाने मुंबईत पॅलिएटिव्ह केअरचं काम उभं केलं. बरा न होणाऱ्या आजारात वेदना आटोक्यात ठेवणं आणि घरच्यांना आधार देणं, हे तिथलं काम; रुग्णाच्या घरी जाऊनही ते केलं जातं.